सफरचंदातली अळी: औषध मारूनही फळं का किडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिएटलजवळ बॉथेलला घर घेतलंत, त्याबरोबर मागच्या अंगणात सफरचंदाची दोन जुनी, उंच झाडं आली. फळं भरपूर लागतात, वरून बरी दिसतात. कापलं की गरात तपकिरी, वेड्यावाकड्या रेघा आणि पांढऱ्या अळ्या. कोकणात आंब्याला लावतात तसला फळमाशीचा सापळा मागवून टांगलात, त्यात काही सापडलं नाही. सप्टेंबरात सेंद्रिय औषध दोनदा मारलंत, तरी फरक नाही. आता झाडं तोडावीत का?

तोडायची घाई करू नका. झाड आजारी नाही. तुमचे दोन्ही उपाय चुकीच्या माशीसाठी किंवा चुकीच्या महिन्यात झाले, एवढंच. सप्टेंबरात तुम्हाला अळी दिसते, पण अंडं जुलै-ऑगस्टमध्येच फळात गेलेलं असतं. अळी एकदा गरात शिरली की बाहेरून फवारलेलं साधं कुठलंही औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. त्यामुळे ‘अळी कशी मारू’ हा प्रश्नच बाजूला ठेवा. माशीला फळाच्या सालीपर्यंत पोचू कसं द्यायचं नाही, हा खरा प्रश्न आहे.

आधी ओळख पक्की करा, कारण सफरचंदात अळी करणारी ही एकटी नाही. फळ मधोमध कापा. बोगदा सरळ बियांच्या कप्प्याकडे गेलाय, भोकाच्या तोंडाशी भुशासारखी विष्ठा आहे आणि अळीला तपकिरी डोकं नि पाय आहेत, तर तो कोडलिंग मॉथ, म्हणजे पतंग. बोगदे बारीक असून गरात कसेही भरकटलेत, अळी पांढरी, बिनपायाची, डोक्याकडे निमुळती, जास्तीत जास्त सात-आठ मिलिमीटर लांब, तर ती सफरचंदाची फळमाशी. इथे तिला ॲपल मॅगट म्हणतात, शास्त्रीय नाव ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला. सालीवर टाचणी टोचल्यासारखे ठिपके आणि त्याभोवती खळगे, हीही तिचीच खूण. सालीलगत कोरडे, बुचासारखे तपकिरी डाग आहेत पण बोगदा नाही, तर बहुधा कीड नसून फळात कॅल्शियम कमी पडलंय. तुम्ही वर्णन केलेल्या रेघा फळमाशीच्याच वाटतात, पण तुमच्या भागात पतंगही असतो. दोन्ही एकाच फळात सापडले तर नवल मानू नका.

आता सापळ्याबद्दल. आपल्याकडे आंबा-पेरूच्या बागेत जो ‘रक्षक’सारखा सापळा लावतात त्यात मिथाइल युजेनॉल असतं. ते आंब्यावरच्या बॅक्ट्रोसेरा जातीच्या नरांना ओढतं. नर संपले की माद्यांचं मीलन होत नाही, पुढची पिढी घटते, असा त्यामागचा हिशेब. ऱ्हॅगोलेटिसला मिथाइल युजेनॉलचं काहीही वाटत नाही. सापळा रिकामा राहिला हे बरोबरच झालं. दुसरा फरक त्याहून महत्त्वाचा. आंब्यावरच्या माशीच्या वर्षात अनेक पिढ्या होतात, हिची साधारण एकच. म्हणजे वर्षातून एकदाच लढायचं आहे, पण ती वेळ हुकली की वर्ष हुकलं.

त्या एका पिढीचा हिशेब समजून घ्या, बाकी सगळं त्यातून आपोआप येतं. हिवाळाभर ती झाडाखालच्या मातीत कोषात असते, बहुतेक वरच्या पाचेक सेंटिमीटरमध्ये. तुमच्या भागात जूनच्या अखेरीपासून माश्या बाहेर पडू लागतात आणि सप्टेंबरपर्यंत पडत राहतात, भर ऑगस्टच्या आसपास. जमीन टणक नि कोरडी असेल तर निघायला उशीर होतो. झाडाखाली पाणी दिलेलं लॉन असेल तर फारशी अडत नाहीत. घरमाशीपेक्षा थोडी लहान, काळी, पोटावर पांढरे पट्टे, पाठीवर पांढरा ठिपका आणि पारदर्शक पंखांवर इंग्रजी एफ अक्षरासारखी काळी नक्षी. निघाल्या निघाल्या ती अंडी घालू शकत नाही. सात ते दहा दिवस पानांवरचा मधाळ चिकटा वगैरे खाऊन ती तयार होते. मग फळाच्या सालीखाली एकेक अंडं. काही दिवसांत अळी, तीन-चार आठवडे गरात, फळ गळून पडल्यावर बाहेर, आणि परत मातीत. काही कोष तर दोन हिवाळे मातीत काढतात, म्हणून एक वर्ष नीट काम करून दुसऱ्या वर्षी ‘आता संपली’ म्हणता येत नाही.

अंडं घातल्यावर मादी आपली नळी फळावर फिरवून खुणेचं एक रसायन लावून जाते. दुसऱ्या मादीला त्याचा अर्थ कळतो: हे फळ घेतलेलं आहे. त्यामुळे फळं भरपूर असतील तर डंख पसरतात, आणि ज्या वर्षी झाडावर पन्नासच फळं असतात त्या वर्षी एकेका फळावर चार-चार डंख दिसतात. कमी फळांचं वर्ष म्हणजे कमी त्रास, हा समज म्हणूनच फसवतो.

उपाय किती लागू पडेल हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या मला इथून दिसत नाहीत. पहिली, आसपास काय आहे. ही माशी मुळात हॉथॉर्न नावाच्या काटेरी झुडपाच्या लाल फळांवरची. अमेरिकेच्या पूर्व भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ती सफरचंदावर आली, आणि पश्चिमेत 1979 मध्ये ऑरेगनात, 1980 मध्ये वॉशिंग्टनमध्ये सापडली. तुमच्या पट्ट्यात हॉथॉर्न कुंपणाकुंपणात आहे. चार-पाचशे फुटांत हॉथॉर्न किंवा कोणी न सांभाळलेलं सफरचंदाचं झाड असेल तर तुमची जमीन कितीही स्वच्छ ठेवा, माश्या बाहेरून येत राहणार. दुसरी, झाडाची जात. ऑगस्टात पिकणारी, मऊ, पातळ सालीची फळं, जसं तुमच्याकडच्या जुन्या अंगणांत हमखास दिसणारं ग्रेव्हनस्टाइन, सगळ्यात आधी बळी पडतात. उशिरा पिकणाऱ्या कडक फळांत बऱ्याच अळ्या वाढू शकत नाहीत, पण डंखांचे खळगे राहतातच. तिसरी, झाडाची उंची आणि तुमचा वेळ. खरं तर मी हीच पहिली विचारली असती.

घरच्या दोन झाडांसाठी मी पिशवीला पहिला नंबर देतो, फवारणीला नाही. कारण साधं आहे. फवारणीत दर सात-दहा दिवसांचं वेळापत्रक चुकून चालत नाही. पिशवी एकदा घातली की काढणीपर्यंत काम संपलं, आणि ती पतंगालाही बऱ्यापैकी अडवते. नाशिक-सोलापूरकडे डाळिंब-पेरूला कव्हर घालतात, तर्क तोच.

पद्धत अशी. जूनमध्ये फळगळ होऊन गेली की आधी विरळणी. प्रत्येक झुपक्यात एकच, सगळ्यात मोठं आणि निर्दोष फळ ठेवा, आणि दोन फळांत वीतभर अंतर. विरळणी न करता पिशवी घालायला बसलात तर दोन फळं एकमेकांना ढकलून एक गळतं, पिशवीसकट. फळ साधारण दोन सेंटिमीटरचं झालं की पिशवी. सँडविचची साधी पारदर्शक झिपलॉक पिशवी घ्या, खालचे दोन्ही कोपरे सेंटिमीटरभर कापा, म्हणजे घामाचं पाणी निघून जाईल. झिप मधोमध थोडी उघडा, फळ आत सरकवा, देठ मध्यावर ठेवून दोन्ही बाजूंनी झिप देठापर्यंत बंद करा, आणि देठाच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टेपल मारा. पान आत अडकू देऊ नका. ते कुजतं आणि फळावर बुरशी आणते. सगळ्या पिशव्या जूनअखेर लागलेल्या हव्यात. जुलैच्या मध्यात घातलेली पिशवी कधी कधी आत आधीच असलेल्या अंड्याला सुरक्षित घर देते.

पिशवीत काय बिघडतं तेही सांगतो. आखूड देठाच्या जातींत फळ फुगताना स्वतःच पिशवीला ढकलून सुटतं. तिथे झिप अगदी घट्ट ओढू नका. वाऱ्यात पिशवी शिडासारखी काम करते, उघड्यावरच्या फांद्यांवर थोडी फळं जाणार हे धरून चाला. कडक उन्हाच्या लाटेत प्लास्टिकखाली साल भाजते. 28 जून 2021 ला सिएटलच्या विमानतळावर 42 अंश सेल्सिअस नोंदलं गेलं होतं. अशा दिवसांचा अंदाज आला तर दक्षिण-पश्चिमेच्या उघड्या फळांवर तात्पुरतं शेडनेटचं कापड टाका. कानकिडे पिशवीत शिरतात, पण फळाला फारसं काही करत नाहीत. पारदर्शक पिशवीत रंग नीट येतो. कागदी पिशवी वापरलीत तर लाल रंगासाठी ती आधी काढावी लागते, आणि नेमकी तेव्हा माशी हिंडत असते. म्हणून या किडीसाठी कागदी पिशवी मी सुचवत नाही.

दुसरा प्रकार नायलॉनच्या पातळ मोज्यांचा, चपलांच्या दुकानात माप घेताना देतात तसले. ते घालायला पिशवीपेक्षा खूप भराभर होतात, फळाबरोबर ताणतात, भाजत नाहीत. माशीला ते चांगले अडवतात, पतंगाला मात्र तितके नाही. म्हणून ते आधी केओलिनच्या, म्हणजे बारीक पांढऱ्या चिकणमातीच्या दाट पाण्यात बुडवून वाळवतात आणि मग चढवतात. तुमच्याकडे पतंगाचा त्रास जास्त निघाला तर झिपलॉक, माशीच जास्त असेल तर मोजे. एवढं ठरवायला एक हंगाम लागेल.

आता अडचण अशी की पंचवीस फुटी झाडावर तुमचा हात पोचेल फक्त खालच्या तिसऱ्या हिश्शाला. म्हणून या हिवाळ्यापासून झाड खाली आणायला लागा. पानं गळालेली असताना, एका हिवाळ्यात पाव ते एक तृतीयांशापेक्षा जास्त लाकूड न काढता, तीन वर्षांत ते दहा-बारा फुटांवर आणा. एकाच वर्षी डोकं उडवलंत तर झाड उभ्या, वांझ फुटव्यांचं जंगल करतं आणि फळ दोन वर्षं लांबतं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात टिकाऊ उत्तर करवत आहे. औषधाची बाटली नाही.

वरच्या, हात न पोचणाऱ्या फळांसाठी लाल गोळ्यांचे सापळे. साडेतीन इंचाच्या आसपास व्यासाचा, सफरचंदी गडद लाल रंगाचा गोळा, त्यावर चिकटा लावलेला. हे तंत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या रोनाल्ड प्रोकोपी यांनी विकसित केलं. अंडी घालायला तयार झालेली मादी फळ आकारावरून नि रंगावरून शोधते, आणि खऱ्या फळापेक्षा मोठा, लाल गोळा तिला खऱ्या फळापेक्षा जास्त ओढतो. जुलैत झाडावरची फळं लहान नि हिरवी असताना तो उठून दिसतो. सप्टेंबरात फळंच लाल नि मोठी झाली की त्याची जादू कमी होते. म्हणून गोळे एक जुलैच्या आत टांगायचे.

प्रमाण: दर शंभर फळांमागे एक गोळा. लहान झाडाला एक-दोन पुरतात, तुमच्यासारख्या जुन्या झाडाला सहा-आठ लागतील. जागा: दक्षिणेकडच्या बाजूला, पाच-सहा फूट उंचीवर किंवा त्याहून वर, आजूबाजूला पानं-फळं असावीत पण गोळ्याभोवती फूट-सव्वाफूट मोकळं. पानांच्या गर्दीत लपलेला गोळा माशीला दिसत नाही, आणि पानं त्याला चिकटून बसतात. सफरचंदाच्या वासाची छोटी कुपी मिळते, ती शेजारी टांगली तर पकड बरीच वाढते. चिकटा लावण्याआधी गोळ्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी ताणून बांधा; दोन आठवड्यांनी माश्या नि धूळ भरली की पिशवी बदलली, काम झालं. हाताला लागलेला चिकटा खाण्याच्या तेलाने निघतो, साबणाने नाही.

पिवळे चिकट पत्रेही मिळतात. ते कोवळ्या, अजून खायला शोधणाऱ्या माश्यांना ओढतात, त्यामुळे पहिली माशी कधी निघाली हे कळायला बरे. त्यात उपयोगी कीटकही पुष्कळ मरतात, म्हणून ते हंगामभर टांगून ठेवू नका. आणि सापळ्यात दिसलेली प्रत्येक माशी सफरचंदाचीच असं तुमच्या भागात मानता येत नाही. तिकडे स्नोबेरीची झुडपं सगळीकडे आहेत, आणि त्यांवरची ऱ्हॅगोलेटिस झेफिरिया ही माशी नुसत्या डोळ्यांनी तंतोतंत अशीच दिसते. सापळा भरला म्हणून घाबरून फवारणी वाढवू नका. फळावर डंख आहेत का ते बघा.

फवारणी करायचीच असेल तर दोन पर्याय मला पटतात. एक केओलिन: गॅलनभर पाण्यात पाव ते अर्धा पौंड, सतत ढवळत, कारण ती तळाला बसते. पहिल्या वेळी दोन-तीन हात देऊन झाड पांढरं दिसायला हवं. अर्धवट थर म्हणजे काहीच नाही. तुमच्याकडे जुलै-ऑगस्ट कोरडे असतात, थर टिकतो, आणि हा तुमच्या प्रदेशाचा मोठा फायदा. दुसरं स्पिनोसॅड, म्हणजे जिवाणूपासून मिळणारं कीटकनाशक. ते माशीने खाल्लं किंवा तिच्या अंगाला लागलं तरच काम करतं, म्हणून ते अंडी घालण्याआधीच्या त्या आठवड्यात पानांवर असायला हवं: जुलैच्या सुरुवातीपासून, सात ते दहा दिवसांनी, आणि वर्षात किती वेळा आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर लिहिलेलं पाळून. ओलं असताना ते मधमाश्यांना घातक आहे. झाडाखालच्या गवतातलं क्लोव्हर (तिपानी रोप) फुललेलं असेल तर आधी कापा आणि फवारणी संध्याकाळी करा. सप्टेंबरात तुम्ही मारलेलं औषध कदाचित हेच असेल. औषधात खोट नव्हती. कडुनिंबाच्या तेलावर या किडीसाठी मी विसंबत नाही.

गळलेली फळं उचलणं हा भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, पण पुढच्या वर्षाची माशी तिथेच तयार होते. अळी बहुधा फळ पडल्यावरच बाहेर येते, त्यामुळे ऑगस्टपासून आठवड्यातून दोनदा उचललंत तर ती मातीत जायच्या आत तुमच्या हातात असते. पंधरा दिवसांतून एकदा उचलणं म्हणजे रिकामी खोकी उचलणं. उचललेली फळं घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथे ती उष्णता होत नाही. जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, किंवा बरा भाग कापून त्याच दिवशी शिजवा. हिरव्या कचऱ्याच्या डब्यात चालतं का, हे तुमच्या पालिकेला विचारून घ्या. तुमचा भाग या माशीसाठीच्या विलगीकरणात, म्हणजे घरची फळं बाहेर न्यायला बंदी असलेल्या क्षेत्रात, असल्याने अशा कचऱ्याच्या वाहतुकीलाही नियम आहेत.

संपूर्ण झाडावर जाळी टाकायचा विचार डोक्यात येईल. लहान झाडाला ती उत्तम आहे, पण जाळी जमिनीपर्यंत सोडलीत आणि कोष त्याच मातीत असले, तर माश्या जाळीच्या आत, फळांसकट कोंडल्या जातात. जाळी खोडाशी बांधा, जमिनीशी नाही.

घरात आणलेल्या फळांचं: अळी खाल्ली तर आरोग्याला धोका नाही, पण शाकाहारी घरात हे उत्तर कोणाला पटत नाही, म्हणून फळ नेहमी कापूनच खायला द्या. टोपलीत ठेवलेल्या सफरचंदांतून अळ्या ओट्यावर येतात. शून्य अंश सेल्सिअसला सहा आठवडे ठेवलं तर अळ्या मरतात, पण घरचा फ्रिज चार अंशांच्या आसपास असतो, तिथे त्या नुसत्या मंदावतात.

मग तोडायचं कधी? पिशव्या, गळ उचलणं आणि छाटणी, यातलं काहीच करायला वेळ नाही आणि पुढेही नसेल, तर एक झाड काढून दुसरं नीट सांभाळणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. न सांभाळलेलं झाड सगळ्या गल्लीच्या माश्या पोसतं. मधला मार्ग म्हणजे एक वर्ष जूनमध्ये सगळी फळं लहान असतानाच काढून टाकणं. त्या वर्षी माशीला तुमच्याकडे काही मिळत नाही. दोन हिवाळे झोपलेले कोष आणि शेजारचं हॉथॉर्न यामुळे ती शून्यावर येत नाही, पण पुढच्या वर्षाची सुरुवात हलकी होते.

या वर्षी एवढं करा: हिवाळ्यात पहिली छाटणी, जूनमध्ये विरळणी आणि हात पोचेल तिथवर पिशव्या, एक जुलैच्या आत वर सहा गोळे, ऑगस्टपासून आठवड्यातून दोनदा गळ. फवारणी नंतर बघू. पिशवीतली बहुतेक फळं पहिल्याच वर्षी स्वच्छ निघायला हवीत. वरच्या फळांत सुरुवातीला निम्मी जरी वाचली तरी मी समाधान मानेन.

आणि एक कायद्याची गोष्ट. तुमचा भाग ॲपल मॅगटच्या विलगीकरणात आहे. घरची सफरचंदं गाडीत टाकून यकिमा किंवा वेनॅचीकडे, म्हणजे कॅस्केड डोंगरांपलीकडच्या सफरचंदाच्या पट्ट्यात, नेता येत नाहीत. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त सफरचंदं याच राज्यात, मुख्यतः डोंगरापलीकडे पिकतात, आणि तिथले बागायतदार या एका माशीसाठी दरवर्षी हजारो सापळे लागलेले बघतात. दुकानातून घेतलेली फळं चालतात. आई-बाबांसाठी अंगणातली चार फळं बॅगेत घालून पुण्याला न्यायचा मोहही टाळा. ही माशी भारतात नाही, आणि हिमाचल-काश्मीरला तिची ओळख करून द्यायची गरज नाही. मुरंबा करून न्या.